जुने वाडे आणि नवे संसार

देवालयाचा जीर्णोद्धार करणाराचे नाव शिळेवर कोरून ठेवण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. अमक्या शकात अमक्याने शिखर बांधले, तमक्या साध्वीने दीपमाळ उभी केली, असे लेख गावोगाव सापडतात आणि संशोधक ते उतरून घेऊन त्यांवर निबंध लिहितात. राहत्या घराचा जीर्णोद्धार करणाराचे नाव मात्र कोठेही कोरलेले आढळत नाही. कुजलेला वासा ज्याने बदलला, गळते आढे ज्याने सारखे केले, सुनेच्या बाळंतपणापूर्वी ज्याने माजघराला नवा गिलावा करून घेतला, त्या गृहस्थाची आठवण फार तर त्याच्या नातवापर्यंत टिकते. वस्तुतः आपल्या शहरांतून जी जुनी घरे आज उभी आहेत ती बांधणारांच्या ऐपतीवर जितकी उभी आहेत तितकीच ह्या अनाम दुरुस्त्या करणारांच्या काळजीवरही उभी आहेत. हा इतिहास सबंध लिहिण्याचा माझा आव नाही. पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडा बांधला कसा गेला, तो मोडकळीस आला कसा, आणि आज एखाद्या तरुण जोडप्याने त्यात संसार मांडावयाचे म्हटले तर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते, एवढ्यापुरतेच येथे लिहावयाचे आहे.

वाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो, आणि येथेच आपली पहिली फसगत होते. त्या वाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला गेला, 22 जानेवारी 1732 रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि त्यास 16,110 रुपये खर्च आला, ही माहिती शाळेतील मुलांसही पाठ असते. परंतु 1828 सालच्या आगीत आतील महाल जळून गेल्यावर तेथे उरले काय? तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती. म्हणजे आपण ज्यास वाड्याचा नमुना समजतो त्यात राहते घर मुळी उरलेलेच नाही. पुण्याचा खरा वाडा पाहावयाचा तर कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव ह्या पेठांच्या बोळांतून हिंडावे लागते. कोणा सावकाराचा, कोणा कारकुनाचा, कोणा शास्त्र्याचा असा तो एकचौकी किंवा दुचौकी वाडा असतो. त्याच्या मालकाचे नाव बखरीत नसते. पण शहर वसते ते अशा घरांनीच.

त्याची रचना एकदा नीट समजून घेतली पाहिजे, कारण दुरुस्तीचे सारे यशापयश तीवर अवलंबून आहे. रस्त्याकडे भिंत शक्य तितकी आंधळी. तीत एक भक्कम दरवाजा आणि त्याच दरवाजात वाकून जाण्याजोगी लहान दिंडी. आत देवडी किंवा ढेळज. तेथे आलागेला टेकावयाचा. मग चौक, उघडा, दगडी फरसबंदीचा, मध्ये किंवा कडेला तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड नाही तर हौद. चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या मागे सोपा, त्यामागे माजघर, माजघराला लागून देवघर आणि स्वयंपाकघर. वर माडी, आणि ऐपत असेल तर दिवाणखाना. भिंती इतक्या जाड की कोनाडे, फडताळे, धान्याची बळदे, इतकेच काय, माडीवर जाण्याचा जिनाही भिंतीच्या पोटातच बसवलेला. रस्त्यावरून पाहणारास हे घर रुष्ट वाटते. पण आत चौकात पाऊल टाकताच आकाश भेटते. हवा आणि उजेड हे घर रस्त्याकडून घेत नाही, आभाळाकडून घेते. उन्हाळ्यात रात्रीचा गारवा चौकात उतरून बराच वेळ टिकतो. ही योजना कोणा एकाच्या कल्पनेतून निघालेली नव्हे. देशावरची कोरडी हवा, चोरचिलटांचे भय आणि एकत्र कुटुंबाची गरज ह्या तिघांनी मिळून ती घडविली आहे.

ह्या घराचे माप खणावर. दोन खांबांमधील अंतर तो एक खण, साधारणतः पाच-सहा फुटांचा. अमक्याचा सोपा तीन खणी, तमक्याचा दिवाणखाना सात खणी, असे म्हटले की सुताराला लाकडाचा आणि सोयऱ्याला मालकाच्या ऐपतीचा अदमास एकदमच येत असे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, असा तो कडीपाट. फळ्यांवर मुरूम-माती चोपून वर शेणाने सारवलेली भुई. सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले खांब, त्यांमधील महिरपी आणि टोकांस लोंबणारी केळफुले ही श्रीमंतांच्या घरची कलाकुसर. पण सांगाडा गरीब-श्रीमंतांचा एकच. घराचा बहुतेक भार लाकडाच्या ह्या सांगाड्यावर असतो. भिंतींच्या विटा चपट्या व पातळ असून त्या कोठे चुन्यात तर कोठे नुसत्या मातीत बसवलेल्या असतात. म्हणूनच जुन्या वाड्याची एखादी भिंत ढासळली तरी घर लगेच जमीनदोस्त होत नाही. उलट बाहेरून भिंत रंगवून झकास दिसत असताना आत तुळईचे टोक कुजून गेले असले, तर ते घर कधी दगा देईल ह्याचा नेम नसतो. धोकादायक घराची परीक्षा रस्त्यावरून करणाऱ्या मंडळींनी एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घरे वाचतील, आणि काही माणसेही.

वाडा एकदा बांधला की तो तसाच राहावयाचा, ही समजूतही सोडून दिली पाहिजे. शनिवारवाड्याचेच घ्या. पहिल्या बाजीरावाने बांधलेले घर नानासाहेबास पुरले नाही. त्याने त्यात भर घातली, 1755 च्या सुमारास गणेशरंगमहाल उठविला. पुढे बाल सवाई माधवरावाच्या करमणुकीसाठी हजारी कारंजे केले असे सांगतात. त्या बालकाचा शेवट त्याच वाड्यात 1795 साली कसा झाला हे वाचकांस माहीत आहे. पण एका तान्ह्या धन्यासाठी राज्याच्या कारभाऱ्यांनी घराचा चौक बदलावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. घरात मूल आले की घर बदलावयाचे, हा नियम पेशव्यांसही चुकला नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याची कथा तर ह्याहून विचित्र आहे. ज्या वास्तूत पेशव्याने ऐष केली, तीतच 1821 साली संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 सालच्या आगीत तिचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभा करण्यात आला. पुढे कित्येक वर्षे तेथे नगरपालिकेचे दप्तर नांदले. तिच्या सुरूच्या खांबांनी पाठांतर ऐकले आणि घरपट्टीच्या तक्रारीही ऐकल्या.

पाण्याची गोष्टही सांगितली पाहिजे. नानासाहेबाच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. वाटेतील उच्छ्वास, म्हणजे नळातील हवा सुटण्यासाठी ठेवलेली उंच बांधकामे, काही जागी अजून दिसतात. हौदाचे पाणी ज्याच्या वाड्यात खेळले तो भाग्यवान. बाकीच्यांनी आडावर किंवा सार्वजनिक हौदावर जावयाचे. जावयाचे म्हणजे बायकांनी जावयाचे, हे निराळे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्यास धरण झाले, नळ आले, आणि चौकातील आडावरचा रहाट हळूहळू थांबला. पुष्कळ आड त्यानंतर केरकचऱ्याने बुजले. एकेका घराच्या मालकाला ह्यात बचत वाटली असेल. शहराच्या पोटातील पाणी मात्र कायमचे मुकले.

1817 साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि वाड्यांचे दिवस पालटले. सरदारांची मिळकत आटली. खटल्यातील माणसे पांगली. रिकाम्या सोप्यांत बिऱ्हाडे आली. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ ह्याच बिऱ्हाडांतून झाला, हे आपण विसरतो. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांची मुलींची शाळा निघाली ती बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात. आणि टिळकांनी गायकवाडवाडा घेतल्यावर ‘केसरी’चा संसार तेथे थाटला गेला. भिडेवाड्याचे पुढे काय झाले? तो पडत राहिला, त्याच्यावर वर्षानुवर्षे दावे चालले, आणि अखेर 2023 साली स्मारकासाठी तो उतरवण्यात आला. स्मारक व्हावे हे योग्यच. पण जे घर वेळेवर शाकारले गेले असते त्याचे स्मारक करण्याची पाळी कदाचित आली नसती.

1858 साली आगगाडी पुण्यास आली आणि तिच्यामागून बाहेरचा माल. मंगळुरास बासेल मिशनने काढलेल्या कारखान्याची चपटी कौले, काचेची तावदाने, लोखंडी तुळया, शहाबादी फरशी. गावठी नळीच्या कौलांचे छप्पर दर वर्षी मृगापूर्वी शाकारावे लागे. मंगळुरी कौलाने ती यातायात पुष्कळ कमी केली. जुन्याचे अभिमानी लोक ह्या मंगळुरी कौलांकडे नाक मुरडून पाहतात. मला तसे वाटत नाही. कारण त्या पिढीने वाड्याचा सांगाडा न बदलता त्याची टोपी बदलली, आणि तो आणखी शंभर वर्षे जगला.

1897 च्या प्लेगने मात्र वाड्याच्या अब्रूलाच हात घातला. रँडच्या अमदानीत सोजीर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, सामान रस्त्यावर फेकले गेले. पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. ह्या अत्याचाराचा संताप योग्यच होता, परंतु त्या संतापाखाली एक अप्रिय सत्य झाकले गेले. वाड्यांची माजघरे खरोखरच अंधारी होती; बाळंतिणीची खोली वारा लागू नये म्हणून मुद्दाम कोंदट ठेवलेली असे, आणि शेगडीच्या धुरात आई व मूल ह्यांना ठेवण्यात आपण त्यांचे रक्षण करीत आहो अशी सर्वांची श्रद्धा होती. धान्याची बळदे उंदरांना मोकळी होती. आणि मागच्या बोळाविषयी तर आपल्या आठवणींच्या पुस्तकांत एक अक्षरही सहसा सापडत नाही. शेतखान्याची टोपली ज्या वाटेने बाहेर जात असे ती ही वाट. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहावयाचा, आणि त्याने पुढच्या दरवाजाने येऊ नये म्हणून घराच्या आराखड्यातच सोय करून ठेवावयाची! विसाव्या शतकात भुयारी गटारे आली तेव्हा तो बोळ निरुपयोगी झाला. ही अमानुष चाल कायद्याने बंद करण्यास 1993 साल उजाडावे लागले, आणि 2013 साली पुन्हा दुसरा कायदा करावा लागला. वाड्यातील ओसरीवरच्या झोपाळ्यावर हळवे होऊन लिहिणारांनी ह्या बोळातूनही एकदा चालून यावे. वाडा राखावयाचा म्हणजे त्याच्या चाली राखावयाच्या नव्हेत.

प्लेगानंतर ज्यांना शक्य होते ते मोकळ्या हवेत गेले. डेक्कन जिमखान्याच्या बाजूस बंगले उठले. वाड्यात म्हातारी माणसे आणि भाडेकरू उरले. त्यांतच 1947 सालचा भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याचा हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला घराबाहेर काढले जाऊ नये, हा. परंतु त्याने भाडे 1 सप्टेंबर 1940 रोजी जे होते त्यास बांधून टाकले, आणि पुढे अर्धशतक ते जवळपास तेथेच राहिले. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात एक कौलही बदलत नाही. भाडेकरू म्हणे, घर तुमचे, मी का खर्च करू? दोघांचेही म्हणणे हिशेबाला धरून होते, आणि दोघांच्या डोक्यावर पाऊस सारखाच गळत होता. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. परंतु मुळातच जे भाडे दहापाच रुपये होते त्याच्या चार टक्क्यांत खिळेही येत नाहीत. मला विचाराल तर पुण्याचे वाडे जितके आगींनी खाल्ले नाहीत, तितके ह्या ‘तुम्ही करा, आम्ही का करू’ने खाल्ले.

मध्येच 12 जुलै 1961 चा दिवस आला. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात भिजून साखरेसारख्या विरल्या. ज्यांनी तो चिखल पाहिला त्यांपैकी पुष्कळांनी त्यानंतर मातीच्या भिंतीवर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांस दोष देता येत नाही. ह्या एका दिवसाने नारायण-शनिवारचा चेहरा जेवढा बदलला, तेवढा राज्य बुडाल्यानेही बदलला नव्हता.

आता आजच्या काळाकडे येऊ. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वाट्यास सदाशिव पेठेतील वाड्याचा मागचा चौक आला. पुढचा भाग पूर्वीच विकला जाऊन तेथे इमारत उठलेली. वाटेकरी अनेक. शिवाय 2005 सालच्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच वाटा असल्याने आत्यांच्या व चुलतबहिणींच्याही सह्या लागल्या. (हे योग्यच आहे. ज्यांनी त्या चौकात सर्वांत अधिक पाणी ओढले त्यांची सही सर्वांत शेवटी आठवावी, ह्यातच आपली रीत दिसते.) घरात नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी, दोन लहान मुले, आणि सासूबाई. नगरपालिकेची धोकादायक घराची नोटीस दरवाजावर डकवलेली. एका व्यावसायिकाने त्या जागेच्या बदल्यात सातव्या मजल्यावर जागा देऊ केली होती. नवऱ्याचे मन वाड्यात, हिशेब सातव्या मजल्यावर. मी सवयीप्रमाणे सुरूच्या खांबांविषयी बोलू लागलो तेव्हा घरची सून शांतपणे म्हणाली, “सर, खांबांचे कौतुक तुम्ही लिहा. मला पावसाळ्यात पोरांना कोरड्या गादीवर निजवायचे आहे.”

जुन्या घरांवर आजवर लिहिले गेलेले पुष्कळ निबंध ह्या एका वाक्यापुढे फिके आहेत. कारण प्रश्न खराच तेवढा आहे. कोरडी गादी देता येत असेल तर वाडा राहावा. येत नसेल तर त्याने खुशाल पडावे. ती देता येते असे माझे मत आहे. मात्र काम कोठून सुरू करावयाचे हे ठाऊक पाहिजे.

बहुतेक लोक सुरुवात रंगापासून करतात. खरी सुरुवात छपरापासून. छप्पर गळत असताना खाली केलेला प्रत्येक रुपया पाण्यात जातो, हे अक्षरशः खरे आहे. ह्या घराचीही कौले आधी उतरवण्यात आली, वासे तपासले, आढ्याची ओळ सरळ केली. मग तुळया. तुळईचे मधले लाकूड दीडशे-दोनशे वर्षांनंतरही ठणठणीत असते; कुजते ते तिचे भिंतीत गाडलेले टोक, कारण भिंतीतील ओल तेथे मुरते आणि वाळवीची वाटही तीच. अशा वेळी सारी तुळई बदलण्याचे कारण नसते. खाली टेकू देऊन भार उचलावा, कुजका भाग कापून तेथे जुन्या सागवानाचा तुकडा सांध्याने जोडावा, आणि टोकाभोवती हवा खेळण्यास जागा ठेवावी. हे काम करणारे सुतार आता थोडे आहेत, पण आहेत. पाडलेल्या वाड्यांचे सागवान बाजारात मिळते. एका वाड्याच्या मरणावर दुसरा जगतो, ही गोष्ट कानाला बरी लागत नसली तरी खरी आहे.

मग भिंती. येथे एका ठेकेदाराने पूर्वी करून ठेवलेला उद्योग निस्तरावा लागला. काही वर्षांपूर्वी ओल झाकण्यासाठी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केलेला होता, आणि तेव्हापासून ओल कमी होण्याऐवजी वर चढत गेली. कारण उघड आहे. जुनी भिंत जमिनीतून ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. म्हणजे ती एका परीने श्वास घेते. सिमेंट हा श्वास कोंडते. कोंडलेली ओल मग मिळेल त्या वाटेने जाते, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे खांबाचे व तुळईचे लाकूड. सिमेंट ही वाईट वस्तू नव्हे. पण ज्या घराचा धर्म निराळा त्यावर ते लादले की अपाय होतो. तो गिलावा खरवडून काढला, भिंती एक उन्हाळाभर उघड्या ठेवल्या, आणि नंतर चुना लावला. चुन्याची कृती आपल्याकडे नवी नाही. भाजलेली कळी पाण्यात विझवावयाची, मुरत ठेवावयाची, मग वाळूबरोबर घाणीत मळून एकजीव करावयाची. पूर्वी तीत गुळाचे पाणी, बेलफळ, हिरडा असे पदार्थ घालीत. बैलाची घाणी आता नाही, ते काम यंत्र करते. चुन्याला घाई चालत नाही एवढीच त्याची अट; आणि हल्लीच्या काळात हीच अट सर्वांत महाग पडते.

न्हाणीघराचा प्रश्न अधिक नाजूक. माडीवर प्रत्येक खोलीस स्वतंत्र न्हाणी हवी, असा हल्लीचा आग्रह असतो. कडीपाटावर पाण्याचा वापर म्हणजे घराला सावकाश विष घालणे होय. येथे जुनी न्हाणी जेथे होती त्याच अंगास, मागच्या बोळाच्या बाजूला, जमिनीपासून निराळे पक्के बांधकाम उठवून खाली व वर न्हाणीघरे व संडास घेतले. लाकडी सांगाड्यावर त्याचा भार नाही, पाण्याचा थेंबही नाही. ज्या बोळाविषयी मी वर लिहिले तोच आता नळांचा बोळ झाला आहे. विजेच्या तारा बाहेरून नळ्यांतून नेल्या, लाकडात खुपसल्या नाहीत; 1828 आणि 1879 च्या आगी ज्याने वाचल्या आहेत त्याला कोरड्या सागवानाजवळची ठिणगी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. आड उपसून छपराचे पाणी त्यात सोडले, आणि मुले लहान म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसविली. भिंतीच्या पोटातील जिना मात्र पायऱ्या उंच आणि अंधार फार म्हणून वापरातून काढून टाकला. सासूबाईंना त्याचे वाईट वाटले नाही. चाळीस वर्षे त्यांनी तो जेवणाची भांडी घेऊन चढला होता.

माळ्यावर दोन रुमाल कागद निघाले. अशा वेळी माझ्यासारख्याचे काळीज लकलक करू लागते. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यातून जे दप्तर उजेडात आले, राजवाड्यांनी वाईस मिळालेल्या कागदांवरून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचा पहिला खंड काढला, त्या सगळ्याचे मूळ अशाच माळ्यांवर होते. 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे दप्तर पुष्कळसे अशाच घरांच्या औदार्याने भरले. येथले कागद तितके थोर नव्हते. घरभाड्याच्या पावत्या, एक-दोन गहाणखते, आणि मोडीतील एक लहानशी वही. वहीत एका पावसाळ्यापूर्वीचा शाकारणीचा खर्च टिपलेला: कौले, बांबू, सुंभ, गड्यांची मजुरी, आणि शेवटी मजुरांस दिलेल्या गूळ-चण्यांचे काही पैसे. साल फाटून गेले आहे, नावही नाही. पण ज्यांची नावे शिळेवर कोरलेली नसतात म्हणून मी वर म्हटले, त्यांपैकी एकाचे हे हस्ताक्षर आहे ह्यात मला शंका वाटत नाही. राजकारणाच्या दहा पत्रांइतकाच मला ह्या गूळ-चण्यांचा मोह पडला, हे मी लपवीत नाही.

शेवटचा वाद बाळंतिणीच्या खोलीवरून झाला. चौकाच्या पूर्वेस ही खोली, दोन खणांची, खिडकी नाही, एक दिवळी तेवढी. मुलांच्या अभ्यासाला घरात दुसरी जागा नव्हती. सून म्हणाली, बाहेरच्या भिंतीस खिडकी पाडू. जीर्णोद्धाराच्या कामात सल्ला देणारे एक तज्ज्ञ गृहस्थ म्हणाले, जुन्या भिंतीत नवे छिद्र पाडणे म्हणजे वास्तूच्या प्रामाणिकपणास बाध आणणे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही. अशा एकेका सवलतीनेच पुष्कळ वाडे ओळखू न येण्याइतके बदलले आहेत. दोन्ही पक्षांनी मला पंच नेमले. मी भिंत पाहिली. जाडी दोन हातांहून अधिक, मधून खांब जात नव्हता, वरची तुळई भक्कम. जिने ह्या घरातील कितीतरी बायकांना दहा-दहा दिवस धुरात ठेवले त्या भिंतीला एक खिडकी पाडावी, असे मी सांगितले. वर सागवानी पाटा देऊन ती पाडण्यात आली. चुना अजून ओला असल्याने तिची चौकट बसविणे दिवाळीवर गेले आहे; तोवर पोरांनी तेथे गोणपाट लावून ठेवले आहे, आणि सकाळी ते बाजूला सारण्यावरून दोघांचे रोज भांडण होते.